पदवीपत्रावरची सही



मंचरच्या एका विद्यार्थ्याचे वडील एकदा त्याचे पदवीपत्र घेऊन माझ्याकडे आले. कागदावर बोट ठेवून म्हणाले, "सर, पोराला शिकवलं तुम्ही. मग ही सही कुणाची?"

"कुलगुरूंची, बाबा."

"हे तर आमच्याकडं कधी फिरकले नाहीत. त्यांनी पोराचं काय केलं?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर पहिल्या कुलगुरूंपासून द्यावे लागते.

राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती असतात. कारभार मात्र कुलगुरू पाहतात. पूर्वी पुण्याची महाविद्यालयेसुद्धा १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. महाराष्ट्राच्या स्वतंत्र विद्यापीठाचा विचार करण्यासाठी सरकारने १९४२ साली समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. फेब्रुवारी १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा कुलगुरूपदही त्यांच्याकडेच आले. जन्म १८७३ चा. म्हणजे वय पंचाहत्तर. नातवंडे खेळवायच्या त्या वयात त्यांनी नवा संसार मांडला आणि १९५६ पर्यंत चालवला.

सुरुवातीला कचेरी भांडारकर संस्थेच्या निजाम अतिथिगृहात होती. पुढे बाळासाहेब खेरांच्या सरकारने गणेशखिंडीतला गव्हर्नरचा वाडा आणि चारशे एकरांवर जमीन विद्यापीठाला दिली. विद्यार्थी तेव्हा थोडे. कुणालाही वाटले असते, एवढी जमीन कशाला? पण शेतकऱ्याला मी काय सांगावे! आंब्याची कोय पुरताना माणूस झाडाचा घेर धरूनच जागा सोडतो.

त्या झाडाची एक फांदी आपल्या जुन्नर तालुक्यात आली आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या मोठ्या तबकड्या तुम्ही पाहिल्या असतील. परिसरात अशा तीस आहेत. तुम्ही हे भाषण ज्या जातीच्या लहरींवर ऐकता, तशाच लहरी त्या आकाशातून टिपतात. ही दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेचे मुख्य ठाणे गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या त्याच आवारात आहे.

एक उणीवही सांगितली पाहिजे. आवार मोठे झाले, तरी आपल्या मुलांना त्याचे दार कितीतरी वर्षे लांबच होते. पुण्यात खोली आणि खानावळ ज्याला परवडेल, त्यानेच शिकावे, अशी स्थिती होती. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर येथे महाविद्यालये निघाली, तेव्हा ते दार जवळ आले. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचे नाव मिळाले. मुलींनी शिकावे म्हणून झिजलेल्या बाईचे नाव आता आपल्या लेकींच्या पदवीपत्रावर असते.

मी त्या गृहस्थांना म्हटले, "बाबा, कुलगुरू गावात येत नाहीत हे खरे. पण तुमचा मुलगा जन्मायच्या आधी कुणीतरी त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. ही सही त्या कामाची."

ते हसले. कागदाची घडी न मोडता तो पिशवीत ठेवत म्हणाले, "मग आता धाकटीलाही पाठवतो."

शिक्षक बंधुभगिनींनो, विज्ञानदिनी मुलांना खोडदला न्याल, तेव्हा जयकरांचे नाव त्यांना जरूर सांगा. जो करून दाखवतो तोच पंडित, असे या विद्यापीठाचे बोधवाक्य सांगते. ते पुढे चालवणे तुमच्याच हाती आहे.