स्वस्त फोनचा तिसरा कारभारी

सांगली हें एके काळीं पटवर्धनांचें संस्थान. गादीवर संस्थानिक असत. परंतु अर्ज कोणाचा घ्यावा, कोणाला देवडीवरूनच परत धाडावें, खजिन्याची किल्ली कोणाच्या हातीं द्यावी, हा रोजचा कारभार दिवाण पाही. आज खिशांत असणाऱ्या स्मार्टफोनमध्येंहि असा एक कारभारी बसलेला असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. फोन विकत घेणारा स्वतःला त्या लहानशा संस्थानाचा धनी समजतो. पण कोणतें ॲप आंत यावें, तें कसें चालावें, अक्षरें कोणत्या भाषेंत उमटावीं, हें ठरवितो तो कारभारी. जगांतील बहुतेक स्मार्टफोनांवर दोनच कारभाऱ्यांचा अंमल आहे: एक गूगलचा अँड्रॉईड आणि दुसरा ॲपलचा आयओएस. या दोघांना बाजूस सारून तिसऱ्याच्या हातीं कारभार द्यावा, आणि तो फोन गरिबाला परवडेल अशा किंमतींत द्यावा, असा प्रयत्न आपल्या देशांत दोनदां झाला. या फोनांची परीक्षणें शहरांतल्या जाणकारांनीं पुष्कळ लिहिलीं. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतल्या साध्या घरांत त्यांची परीक्षा झाली ती मात्र निराळ्याच कसोटीवर.

पहिला प्रयत्न २०१४ सालचा. फायरफॉक्स हा ब्राउझर तयार करणारी मोझिला ही संस्था नफा वांटून घेण्यासाठीं स्थापन झालेली नाहीं. तिनें जुलै २०११ मध्यें ‘बूट टु गेको’ या नांवानें एक काम हातीं घेतलें व त्यांतून ‘फायरफॉक्स ओएस’ ही प्रणाली निघाली. तिच्या मागची कल्पना उदार होती. ज्या साहित्यानें वेबपानें बनतात त्याच साहित्यानें फोनचीं ॲप्सहि बनवावीं, म्हणजे तीं बनविणाऱ्याला कोणा एका कंपनीच्या दाराशीं तिष्ठत बसावें लागणार नाहीं. आणि प्रणालीचा सारा आराखडा खुला ठेवावा, म्हणजे कोणीहि तो घेऊन आपला फोन तयार करावा. या प्रणालीचे फोन जुलै २०१३ मध्यें स्पेनमध्यें विक्रीस आले. पुढच्या फेब्रुवारींत मोझिलानें पंचवीस डॉलरांच्या स्मार्टफोनची घोषणा केली, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजीं इंटेक्स कंपनीचा ‘क्लाउड एफएक्स’ भारतांत आला. किंमत १,९९९ रुपये. पाठोपाठ स्पाइस कंपनीचा ‘फायर वन’ २,२९९ रुपयांना आला.

दोन हजारांच्या आंत स्मार्टफोन ही तेव्हां नवलाची गोष्ट होती. साडेतीन इंचांचा स्पर्शपडदा, दोन सिमांची सोय, वाय-फाय, दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा. दुरून पाहणाऱ्याला तो महागड्या फोनचाच धाकटा भाऊ वाटावा. पण त्याची कार्यस्मृति अवघी १२८ मेगाबाइटची होती. लहानशा माजघरांत चार पाटांवर चार माणसें जेवावयास बसलीं असतां पांचवा आला कीं पहिल्याला उठवावें लागतें, तसें या फोनचें होई. ब्राउझर उघडला कीं मागचें ॲप मुकाट्यानें बंद पडे. बोट अक्षरावर पडे आणि अक्षर सावकाश मागून उमटे. त्या वेळच्या परीक्षणांतून ही तक्रार पुनःपुन्हां आढळते. थ्रीजी तर नव्हतेंच. सारा कारभार टूजीवर.

मात्र एवढ्यावरून तो फोन टाकाऊ ठरविणें न्यायाचें नव्हे. दोन हजारांच्या वस्तूकडून चाळीस हजारांच्या वस्तूची चपळाई कोण मागतो? पाटण किंवा जावळीच्या डोंगरांत, जेथें टूजीचीच रेघ कधीं दिसे, कधीं नाहींशी होई, तेथें थ्रीजी नसल्याचें दुःख कोणी कशाला करावें? एस.टी.ची वाट पाहत फाट्यावर तासभर बसण्याची संवय असलेल्या माणसाला अक्षर उमटावयास पळभर उशीर झाला तर त्याचा जीव कासावीस होत नाहीं. संथपणा सोसवत होता. न सोसणारी अडचण निराळी होती.

तिचा पहिला भाग भाषेचा. क्लाउड एफएक्समध्यें इंग्रजीखेरीज हिंदी व तमिळ या भाषांची सोय केलेली होती. फायर वनमध्यें त्यांत बंगालीची भर पडली. मराठीचें नांव या यादींत नव्हतें. देवनागरी दिसते आहे एवढ्यावर समाधान मानावें, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु जिला ‘संदेश पाठवा’ हे शब्द वाचतां येतात ती आजी ‘भेजें’ हा शब्द पाहून क्षणभर थबकते, आणि यंत्रासमोर थबकलेलें माणूस बहुधा तें यंत्र नातवाच्या हातीं देऊन मोकळें होतें. वाईसारख्या गांवीं मराठी विश्वकोशाचें काम चालतें, आणि तेथूनच हांकेच्या अंतरावर विकल्या जाणाऱ्या फोनला मराठी येत नाहीं, हा योग मोठा चमत्कारिक खरा.

दुसरा भाग याहूनहि मोठा. या दोन जिल्ह्यांतलीं घरें दूरवर पांगलेलीं आहेत. खानापूर-विटें भागांतले गलाई व्यावसायिक सोन्याचांदीच्या भट्ट्या घेऊन देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या सराफकट्ट्यांवर जाऊन बसले आहेत. जावळी आणि पाटणचे लोक पिढ्यान् पिढ्या मुंबईस माथाडी म्हणून, गिरणी कामगार म्हणून गेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवाला तर सैनिकांच्या संख्येमुळें ‘मिलिटरी’ हें उपनांवच जडलें आहे. अशा घरांत फोन ही चैनीची वस्तु नसते. ती अर्ध्या कुटुंबाला उरलेल्या अर्ध्या कुटुंबाशीं जोडणारी दोरी असते. आणि २०१४ सालीं ही दोरी म्हणजे व्हॉट्सॲप होऊं लागली होती. विट्याच्या एखाद्या दुकानांतला त्या वर्षींचा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. दुकानदार उत्साहानें सांगतो आहे:

“काकू, यात इंटरनेट आहे, गाणी आहेत, फोटोसुद्धा निघतात. आणि दोन हजाराच्या आत!”

“समदं खरं बाबा,” काकू म्हणतात, “पण मद्रासहून पोरानं धाडल्याला नातवाचा फोटू ह्यात दिसंल का?”

या प्रश्नाचें सरळ उत्तर दुकानदारापाशीं नव्हतें. फायरफॉक्स ओएससाठीं व्हॉट्सॲपनें स्वतःचें ॲप काढलेंच नाहीं. इतरांनीं बनविलेलीं पर्यायी ॲप्स होतीं. त्यांतलें ‘कनेक्टएटू’ हें बरेंच वापरलें गेलें. पण तीं परक्याच्या अंगणांतल्या रोपासारखीं, केव्हां उपटलीं जातील याचा नेम नाहीं. त्याच वर्षीं फेब्रुवारींत फेसबुकनें एकोणीस अब्ज डॉलरांना व्हॉट्सॲप विकत घेण्याचा करार केला होता. एवढ्या मोलाच्या ॲपला दोन हजारांच्या फोनसाठीं वेगळी खटपट करण्याची घाई नव्हती, यांत आश्चर्य नाहीं.

येथें लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराची आठवण होणें साहजिक आहे. लोखंडी नांगरानें जमिनींत विष भिनतें अशी समजूत त्या काळीं शेतकऱ्यांत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. पुढें १९१० मध्यें औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. (औंध आज सातारा जिल्ह्यांत आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यांत, तेव्हां ही कथा दोन्ही जिल्ह्यांच्या सामाईक मालकीची.) नव्या प्रणालीचे पुरस्कर्ते असे दाखले देऊन सांगत कीं, थोडा धीर धरा, लोकांची समजूत बदलेल. परंतु नांगर आणि फोन यांत एक मोठा भेद आहे. शेजाऱ्याचा नांगर लाकडी असला म्हणून आपल्या लोखंडी नांगराचें तास उथळ पडत नाहीं. फोन मात्र एकट्यानें चालत नाहीं. ज्या मंडळींत आपल्याला बसावयाचें ती मंडळी जेथें जमते तेथें तो पोहोंचवीत नसेल, तर त्याची स्वस्ताई हीच त्याची खरी किंमत लपविते. ही गोष्ट पहिल्या ग्राहकांना पैसे मोजल्यावर कळली.

आणि धीर धरावयास वेळ तरी कोठें होता? तीन-चार हजारांत अँड्रॉईडचे फोन मिळूं लागले. डिसेंबर २०१५ मध्यें मोझिलानें फोनकंपन्यांमार्फत असे फोन विकण्याचें थांबविलें. पुढच्या वर्षीं प्रणालीवरचें कामहि बंद झालें, आणि मार्च २०१८ अखेर तिचें ॲपांचें दालन मिटलें. श्रीमंताचा फोन जुना झाला तर तो दुसरा घेतो. ज्यानें उसाच्या बिलांतून दोन हजार बाजूला काढून फोन घेतला, त्याच्या हातांत मात्र धनी नसलेलें संस्थान उरलें.

पण कारभारी गेला तरी दप्तर मागें राहिलें होतें. आराखडा खुला असल्यामुळें त्याच्याच आधारें ‘कायओएस’ नांवाची प्रणाली तयार झाली. स्पर्शपडदा सोडून बटणांच्या फोनसाठीं तिची रचना केलेली होती. २१ जुलै २०१७ रोजीं रिलायन्सच्या वार्षिक सभेंत मुकेश अंबानी यांनीं जाहीर केलेला ‘जिओफोन’ तो हाच. १,५०० रुपये ठेव, तीन वर्षांनीं फोन परत केल्यास ती परत मिळावयाची, आणि महिना १५३ रुपयांत बोलणें व इंटरनेट. २४ ऑगस्टला नोंदणी सुरू झाली तेव्हां झुंबड उडाली.

या फोनचा पहिला अनुभव मागच्याहून पुष्कळ निराळा होता. पडदा २.४ इंचांचाच, पण बटण दाबलें कीं बोटाला तें दाबल्याचें कळे, आणि वयस्क माणसांना या कळण्यानें फार धीर येई. बावीस भारतीय भाषांचा आधार असल्याचें कंपनीनें जाहीर केलें होतें, तेव्हां यावेळीं मराठी माणूस दाराबाहेर उभा राहिला नाहीं. त्यांत बॅटरी होती, रेडिओ होता, दूरदर्शनच्या वाहिन्या होत्या. आणि फोरजीवरून येणारा आवाज इतका स्वच्छ कीं, पलीकडचा माणूस शेजारच्या खोलींतून बोलतो आहे असें वाटावें. संध्याकाळीं स्वयंपाकघराच्या फळीवर ताटाला टेकवून ठेवलेला हा फोन आणि त्यांत चाललेलें कीर्तन किंवा मालिका, हें दृश्य पुढें खेड्यांतून सरसहा दिसूं लागलें.

तक्रारीहि होत्याच. दुसऱ्या कंपनीचें सिम त्यांत चालत नसे. ज्या वाडीवर जिओची रेघ पोहोंचली नव्हती तेथें तो मुका. बारा बटणांवर मराठी टंकणें म्हणजे तर जपाची माळ ओढण्यासारखें. एका जोडाक्षरासाठीं तेंच बटण किती वेळां दाबावें! डिसेंबर २०१७ मध्यें गूगलचा बोलका सहायक त्यांत आला, परंतु तो हिंदी व इंग्रजी जाणणारा. तासगांवच्या द्राक्षबागायतदाराला पानावरचा डाग भुरीचा कीं केवड्याचा, हें विचारण्यासाठीं फोटो काढून तज्ज्ञाकडे पाठवावयाचा असतो. एवढ्याशा पडद्यावर तो डाग त्याला स्वतःलाच नीट दिसत नसे. आणि काकूंचा जुना प्रश्न तसाच उभा होता. पहिलें वर्षभर या फोनमध्येंहि व्हॉट्सॲप नव्हतें.

तें आलें १० सप्टेंबर २०१८ रोजीं. यावेळीं मात्र व्हॉट्सॲपनें आपण होऊन ॲप तयार केलें, कारण आतां ग्राहक कोट्यवधि होते. नकार देणें परवडण्यासारखें नव्हतें. प्रारंभींच संदेश, छायाचित्रें आणि ध्वनि-संदेश यांची सोय होती. पण त्यांतल्या ध्वनि-संदेशानें जें साधलें तें कोणत्याहि कळफलकाला साधलें नसतें. अक्षर टंकण्याची कटकट नको, शुद्धलेखनाची लाज नको. बटण दाबावें आणि आपल्या बोलींत बोलावें. अपशिंग्याची आई सीमेवरच्या मुलाला “जेवलास का रं?” असें विचारूं शकली, आणि तो पहाऱ्यावरून उतरल्यावर तें तिच्याच आवाजांत ऐकूं शकला. या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीनें त्या स्वस्त फोनचा खरा जन्मदिवस हाच मानावा लागेल, मग कंपनीच्या दप्तरीं तारीख कोणतीहि असो.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्यें त्याच कंपनीनें ‘जिओफोन नेक्स्ट’ बाजारांत आणला. किंमत ६,४९९ रुपये आणि कारभारी अँड्रॉईडच, फक्त ‘प्रगति’ हें नांव घेतलेला. जून २०२४ मध्यें कायओएसवर व्हॉट्सॲप नव्यानें घेणें बंद झालें, आणि २०२५ च्या प्रारंभीं जुन्या ग्राहकांचेंहि. ज्या घरांत तोंवर हा फोन टिकला होता, तेथें आजीच्या हातीं नातवाचा जुना अँड्रॉईड आला, आणि तिला पुन्हां एकदां नवें वळण गिरवावें लागलें.

तो क्लाउड एफएक्स आतां कोणाच्या खणांत सांपडलाच, तर त्यांत फायरफॉक्सचें ॲप-दालन उघडणार नाहीं. परंतु कांहीं कंपन्यांनीं टूजीची सेवा अजून चालू ठेवली आहे. त्यांतल्या एखाद्या कंपनीचें सिम त्यांत घातलें आणि बॅटरी भरली, तर मद्रासहून आलेल्या हांकेला तो ओ देईल.