म्हातारपणी पडणे हे दैव नाही

(नवेगाव बांध येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



धानाचा भाव, चुकारे, बोनस यांवर बोलून झाले. आता घरातला विषय. थंडीच्या दिवसांत म्हातारे माणूस पडते, खुब्याचे हाड मोडते आणि घर म्हणते, "वय झालं होतं, दैवात होतं." आमचे म्हणणे, हे दैव नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात. त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. दैव काय फक्त गरिबाच्याच दारात बसते?

इथला तलाव कोहळ्यांनी बांधला. पाळ कशी फुटते हे आम्ही तुम्हाला काय सांगावे? लोक म्हणतात पुराने फुटली. पण खेकड्यांनी ती आधीच पोखरलेली असते. माणसाचेही तसेच. उंबरठा हे निमित्त. पोखरण आधीची: डोळ्यात मोतीबिंदू, पायांतली गेलेली ताकद, अपुरे खाणे, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी येणारी चक्कर. पाळीची डागडुजी आपण पावसाआधी करतो. माणसांची थंडीआधी करावी.

थंडीत काय होते ते पाहा. सांधे आखडतात, पाऊल बधिर होते. रात्री लघवीला दोन-तीनदा उठावे लागते आणि संडास असतो वाडीत. पहाटे अंगणात तणस पसरलेली, तिच्यावर दव. कन्हार जमिनीचा धुरा ओला झाला की साबणासारखा. शेकोटीपाशी उकिडवे बसून एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यात अंगावरची गोधडी पायात येते.

यावरचे उपाय महागाचे नाहीत. खाटेपासून संडासापर्यंतची वाट मोकळी ठेवा, तिथे एक दिवा लावा, उशाशी बॅटरी ठेवा. पायरीच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढा. मोरीत आणि संडासात धरायला बांबू पक्का रोवा. बांबूची आपल्या जिल्ह्यात वाण नाही. शेवाळ घासून काढा. झिजलेली स्लीपर फेकून द्या. गरम पाण्याची बादली म्हातारीला उचलू देऊ नका. झोपेतून उठताना आधी बसायचे, मिनिटभर थांबायचे, मग उभे राहायचे. रोज खांबाला धरून टाचा उचलायच्या आणि खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस करायची. मोतीबिंदू सरकारी शिबिरात काढून घ्या. चक्कर येत असेल तर गोळ्या डॉक्टरला दाखवा, मनाने बंद करू नका.

आणि पडलेच तर? पाय आखूड दिसतो, बाहेर वळतो, उभे राहवत नाही, तेव्हा मालिश नको, ओढाओढ नको. १०८ ला फोन करा. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत व्हावी लागते. "बघू आठवडाभर" म्हणत खाटेवर ठेवले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, आणि माणूस हाडाने नाही, त्याने जाते.

आता सरकारकडे वळू. जिथे शेतीची वीज अजून रात्रीच्या पाळीने येते, तिथे मोटार चालू करायला कोण जाते? पोरगा नागपूरला कामाला, म्हणून सत्तरीचा बाप जातो, अंधारात, ओल्या धुऱ्यावरून. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली. ज्या फीडरवर ती पोचली नाही, तिथली मागणी करताना हे कारणही लिहा. हमीभाव ठरवताना घरच्या माणसाची मजुरी धरतात. त्या मजुरीत मोडलेले हाड मात्र कुठल्याच हिशोबात येत नाही. शेतकऱ्यांच्या अपघात अनुदानाची मर्यादाही वयाच्या ७५ वर्षांपर्यंतच. शेत काही ७५ व्या वर्षी माणसाला सोडत नाही!

ही मागणी आपण लावून धरू. पण बांबू रोवायला कुणाच्या सहीची गरज नाही. पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःचे घर आणि शेजारची दोन घरे पाहावीत, आणि काय दुरुस्त केले ते सांगावे.

एवढे बोलून आम्ही थांबतो.