संकल्प आणि सातत्य



महोत्सवाचे दिवस हे संकल्पाचे दिवस होत. घंटा वाजते, दीप उजळतात, मन भरून येतें, आणि ज्यानें त्यानें अंतःकरणांत कांहीं तरी ठरविलेलें असतें. कोणी मद्य सोडावयाचें ठरवितो, कोणी अर्धवट राहिलेलें शिक्षण पुरें करावयाचें, कोणी डोक्यावरचें कर्ज फेडावयाचें. त्या घटकेस हा संकल्प खरा असतो. परंतु चाळिसाव्या दिवशीं त्याचें काय होतें? मंडप उतरलेला असतो, उत्साह ओसरलेला असतो, आणि मनुष्य आपल्याशींच म्हणतो, "हें आपल्याच्यानें व्हावयाचें नाहीं." ह्या चाळिसाव्या दिवसाविषयीं आज मी बोलणार आहे. उदाहरणासाठीं दूर जावयास नको. आपल्या वर्ध्याजवळ, धाम नदीच्या कांठीं पवनार येथें जें घडलें तेंच पुरें आहे.

आचार्य विनोबा भावे १९२१ सालीं वर्ध्यास आले. सतरा वर्षांच्या अखंड श्रमानें त्यांचें शरीर खंगलें, आणि १९३८ सालीं त्यांचें वजन अवघें ८८ पौंड, म्हणजे सुमारें ४० किलो, भरलें. गांधीजींनीं त्यांना थंड हवेच्या ठिकाणीं जाण्यास सुचविलें. विनोबांनीं जवळचें पवनारच निवडलें. गांधीजींनीं तें मान्य केलें, मात्र आश्रमाच्या कामाची चिंता अजिबात वाहावयाची नाहीं असें बजावलें. धामचा पूल ओलांडतांना आपण सर्व सोडिलें असा उच्चार विनोबांनीं मनांत केला. येथें पहिली गोष्ट शिकावयाची ती ही. नवें कांहीं हातीं घ्यावयाचें तर जुनें कांहीं खालीं ठेवावें लागतें. आपण मात्र दहा ओझ्यांवर अकरावें ओझें चढवितों, आणि पाय लटपटूं लागले म्हणजे पायांनाच दोष देतों.

पवनारास विनोबांनीं शेतांत खणावयास आरंभ केला. पहिल्या दिवशीं त्यांनीं खणलें तें केवळ पांच मिनिटें. दुसऱ्या दिवशीं सात. अशीं रोज दोन मिनिटें वाढवीत ते दोन तासांपर्यंत पोहोंचले. हिशेब करून पाहा, ह्या चालीनें दोन तासांची मजल गांठावयास जवळजवळ दोन महिने लागतात. अशक्त मनुष्यानें पहिल्याच दिवशीं दोन तास कुदळ चालविली असती, तर दुसऱ्या दिवशीं तो अंथरुणावरून उठला नसता. दहा महिन्यांत त्यांचें वजन १२८ पौंडांवर गेलें.

पांच मिनिटें ऐकून कोणास हसूं येईल. परंतु आपले संकल्प मोडतात ते बहुधा लहान असल्यामुळें नव्हे, मोठे असल्यामुळें मोडतात. उत्सवाच्या दिवशीं अंगांत जेवढें बळ असतें त्या मापानें आपण संकल्प कापतों, आणि थकल्या दिवशीं तोच अंगावर घालावयास जातों. रोजच्या कामाचें माप आपल्या सर्वांत दुबळ्या दिवसावरून घ्यावें. तापानें अंग मोडून आलें आहे, घरांत कुरबुर झाली आहे, अशा दिवशींही जेवढें सहज होईल तेवढेंच नेमाचें ठेवावें. अधिक होईल तें लाभाचें समजावें. उत्साह हा पाहुणा आहे. तो आला तर त्याचें स्वागत करावें, परंतु घर त्याच्या भरंवशावर चालवूं नये.

आतां कोणी विचारील, नेम लहान ठेविला तरी एखादे दिवशीं तो अडतोच, मग काय करावें? १९४६ नंतरच्या काळांत विनोबा पवनारहून जवळच्या सुरगांवास रोज पायीं जात, आणि खांद्यावरील फावड्यानें गांवाची घाण काढीत. एके दिवशीं वाटेंतील प्रवाहास पूर आला. पलीकडे जातां येईना. तेव्हां ते कांठापर्यंत गेले आणि पैलतीरावरील एका मनुष्यास त्यांनीं ओरडून सांगितलें कीं, गांवचा भंगी आला होता, पुरामुळें परत गेला, एवढें देवळांतील देवास कळवावें. काम त्या दिवशीं झालें नाहीं. हजेरी मात्र लागली. पुस्तक उघडून एकच पान वाचलें, किंवा कर्जाच्या डब्यांत एकच रुपया टाकला, तरी मनुष्य कांठापर्यंत गेला असें होतें. घरीं बसून पुराचें कारण सांगणें निराळें, आणि कांठावर उभें राहून परतणें निराळें. पहिल्यानें संवय तुटते, दुसऱ्यानें टिकते.

शेवटचा प्रश्न कठीण आहे. इतकें करूनही फळ पुरतें हातीं आलें नाहीं तर? १९५१ च्या एप्रिलांत तेलंगणांतील पोचमपल्ली येथें भूदानास आरंभ झाला. १९५७ पर्यंत पांच कोटी एकर जमीन मिळवावी असें उद्दिष्ट ठरलें. तें गांठलें गेलें नाहीं. पदरीं आली ती त्याचा लहानसा अंश, आणि त्यांतही पुष्कळ जमीन निकस निघाली. हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु मुदत टळल्यावर विनोबा थांबले नाहींत. १९६४ मध्यें ते पवनारास परतले तोंवर त्यांची पदयात्रा चालूच होती. त्यांनीं ज्या भूमिहीनांच्या हातीं जमीन पोहोंचविली, त्यांना न मिळालेल्या एकरांचा आंकडा सांगून काय उपयोग? आपलें उद्दिष्टही कदाचित् अर्धेंच साधेल. म्हणून साधलेलें अर्धें टाकून देऊं नये.

एक सावधगिरीची सूचना करितों. मद्याची संवय जुनी व अंगांत भिनलेली असेल, तर एकट्याच्या निश्चयावर विसंबून ती एकाएकीं सोडूं नये. त्यानें प्राणावरही बेतूं शकतें. प्रथम डॉक्टरांस भेटावें, घरच्यांस सोबत घ्यावें. मदत मागणें हा निश्चयाचाच भाग आहे. विनोबांच्या पाठीशींही गांधीजींचा शब्द होताच.

तेव्हां, जनहो, आज घरीं जातांना मोठी प्रतिज्ञा करूं नका. एक ओझें खालीं ठेवा, आणि आपलीं पांच मिनिटें कोणतीं तें ठरवा. त्यांची वेळ व जागा नेमा. चाळिसाव्या दिवशीं मन मागें ओढील, तेव्हां त्याच्याशीं वाद घालूं नका. फावडें खांद्यावर घ्या आणि कांठापर्यंत चालत जा. परमेश्वर आपणां सर्वांस तेवढें बळ देवो.