सोडचिठ्ठी झाली, पण लेकीच्या शिक्षणाचं काय?



भातलावणी आणि कॉलेजचे प्रवेश आपल्या भोर-वेल्ह्यात एकदमच येतात. हातात पैसा नसतो आणि फीची शेवटची तारीख दारात उभी असते. अशाच दिवसांत आमच्या गटातल्या एका ताईंनी तिसऱ्यांदा कर्ज मागितलं. आधीचं अजून फिटलेलं नव्हतं. मुलगी पुण्यात शिकते, तिच्या खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे थकले होते. मी विचारलं, "तिचे वडील काही देतात का?" ताई म्हणाल्या, "सोडचिठ्ठी झाली ना! काही मागणार नाही, असं मीच स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगते, मीही डोलावली. बी. ए. होऊन मला हे ठाऊक नव्हतं.

नंतर वकीलबाईंना विचारलं, तेव्हा कळलं. नवरा-बायकोचं नातं संपतं, बाप-लेकीचं संपत नाही. आईने स्वतःपुरतं काहीही लिहून दिलं, तरी लेकीचा हक्क तिला सोडून देता येत नाही. शिवाय नुसत्या स्टॅम्पपेपरवर सही केली म्हणून कायद्याने घटस्फोट होतोच असं नाही, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात पोटगी म्हणजे नुसतं अन्न-वस्त्र नाही, शिक्षणही आलं. हा कायदा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. लग्न न झालेली मुलगी स्वतःच्या कमाईवर भागवू शकत नसेल, तर अठरा वर्षं पुरी झाल्यावरही तिला पोटगी मागता येते. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा सज्ञान मुलीसाठी आईलाही अर्ज करता येतो. बापाविरुद्ध स्वतः कोर्टात उभं राहणं कोणत्या पोरीला सोपं आहे? मुलाच्या बाबतीत मात्र कायद्याची अक्षरं अठराव्या वर्षी थांबतात. मला ते पटत नाही, पण तसं आहे. आणि हो, जबाबदारी आई-बाप दोघांची आहे. आई कमावती असेल तर तिचाही वाटा धरला जातो.

"तो पगारच लपवतो," असं बायका सांगतात. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिलं, की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मिळकत आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर द्यायचा. पोटगी धरायची ती अर्जाच्या तारखेपासून. म्हणजे "बघू दिवाळीनंतर" म्हटलं, की तेवढे महिने गेलेच.

अर्जाआधी फी माफ होते का, तेही बघा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खोली, मेस आणि एसटीचा पास मात्र उरतोच.

वकिलाच्या पैशांची काळजी करू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. फोन १५१०० वर करा. जाताना मुलीचा जन्मदाखला, बोनाफाईड, फीच्या आणि मेसच्या पावत्या न्या. आमच्या ताईंनी पावत्या टाकून दिल्या होत्या. त्या पुन्हा काढायला मुलीला दोन दिवस कॉलेजात खेटे घालावे लागले. अर्ज आता दाखल झालाय, तारीख पुढच्या महिन्यातली आहे.