भाग ३१ : बायकोचा मेंदू आणि बाबांचे कान

रविवारची दुपार, कल्याण, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि माइकमध्ये घरघर येते म्हणून मी पंखा बंद करून बसलोय. त्यामुळे आजचा भाग छोटा झाला तर समजून घ्या.

आधीच सांगतो, आज स्पॉयलर आहेत. ढीगभर आहेत. १० एप्रिलला 'ब्लॅक मिरर'चा सातवा सीझन आला आणि आज मी फक्त त्याच्या पहिल्या एपिसोडवर, 'कॉमन पीपल'वर बोलणार आहे. बघायचा असेल तर पॉज करा, बघून या. तासाभराचं काम आहे.

मी तो कुठे बघितला? शुक्रवारी संध्याकाळी, घाटकोपर ते कल्याण, उभ्याने, एका हाताने वरची कडी धरून. नेटफ्लिक्सचा माझा प्लॅन १४९ रुपयांचा, फक्त मोबाईलवर चालणारा. म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर उभं राहून मी सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसांची गोष्ट बघत होतो. हे डोंबिवली गेल्यावर लक्षात आलं आणि हसू आलं. शेजारच्या काकांनी बघितलं पण.

तर गोष्ट. माईक वेल्डिंग करतो, अमांडा प्राथमिक शाळेत शिकवते. लग्नाला काही वर्षं झालीत, मूल हवंय, पैसे बेताचे, पण मजेत आहेत. एक दिवस अमांडा वर्गातच कोसळते. मेंदूत गाठ. डॉक्टर हात वर करतात. मग रिव्हरमाइंड नावाच्या कंपनीची गेनर नावाची बाई येते. ती म्हणते, ऑपरेशन फुकट. मेंदूचा खराब झालेला भाग आम्ही सर्व्हरवर चालवू, तुम्ही फक्त महिन्याला ३०० डॉलर भरा.

इथेच माझ्या पोटात गोळा आला. भीतीचा नाही, ओळखीचा. मी गेली चार वर्षं सबस्क्रिप्शन बिलिंगच्या टीममध्ये आहे. 'ऑपरेशन फुकट' हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत किती वेळा लिहिलंय!

मग एक दिवस हे दोघं लग्नाच्या वाढदिवसाला बाहेर निघतात आणि गाडी गावाची हद्द ओलांडते तशी अमांडा बोलता बोलता बंद पडते. कव्हरेज संपलं! कल्याणकरांना हे वेगळं सांगायला नको. कॉलेजला असताना फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. फोनवर कोणाशीही बोलत असा, आई असो नाहीतर अजून कोणी, 'बोगदा येतोय, ठेवतो' म्हणायचं आणि सव्वा किलोमीटर अंधारात गप्प उभं राहायचं. आता कल्पना करा, फोनच्या जागी तुम्ही स्वतःच.

बाहेर फिरायचं तर वरचा प्लॅन घ्या. नाही घेतला तर? तर अमांडाच्या तोंडून जाहिराती सुरू होतात. बोलता बोलता मध्येच, तिच्याच आवाजात, आणि तिला पत्ताही नसतो. घरचं दुःख सांगायला आलेल्या एका मुलाला ती समुपदेशनाची जाहिरात ऐकवते. शाळेत बोंब होते. शिवाय तिला झोप जास्त लागायला लागते, कारण ती झोपलेली असताना कंपनी तिचा मेंदू सर्व्हर म्हणून वापरतेय. हा शेवटचा भाग बघून मी कडी सोडली आणि कपाळाला हात लावला. तांत्रिकदृष्ट्या भन्नाट आहे हो! रिकामी पडलेली मशीन कोणती कंपनी रिकामी ठेवते?

मला काय नाही आवडलं? माईक पैशासाठी एका वेबसाइटवर स्वतःचा तमाशा करून घेतो, तो धागा. लोक पैसे टाकणार, हा स्वतःचा दात उपटणार. थोडा जास्तच ताणलाय. ओव्हरटाइम करणारा, दमलेला, बायको कधी जागी होईल याची वाट बघणारा माईक पुरेसा होता. क्रिस ओ'डाउडचा नुसता चेहरा बघा शेवटच्या दहा मिनिटांत.

आणि गेनर! ट्रेसी एलिस रॉसने काय केलंय ते काम! ती राक्षसीण नाहीये. ती स्वतःसुद्धा त्याच कंपनीची गिऱ्हाईक आहे, फक्त वरच्या प्लॅनवर. गोड बोलते, समजून घेते, आणि प्रत्येक भेटीत दर वाढलेला असतो. मी तिला ओळखतो. आमच्या ऑफिसात ती दर तिमाहीला प्रेझेंटेशन देते.

मी सायन्स फिक्शनकडे आलो ते नारळीकरांमुळे. आमचं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. तिथून सातवीत 'यक्षांची देणगी' आणली होती आणि परत करायला उशीर म्हणून दंडही भरला होता. त्या वयात वाटायचं, संकट येणार ते आकाशातून. बिल होऊन येईल असं वाटलं नव्हतं.

बरं, हे सगळं कल्पनेतलं आहे का? सेकंड साइट नावाची अमेरिकन कंपनी होती. आंधळेपण आलेल्या लोकांच्या डोळ्यात बसवायचं आर्गस-२ नावाचं यंत्र बनवायची. जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी बसवून घेतलं. पूर्ण दृष्टी नाही, पण उजेडाचे ठिपके, दाराची चौकट, एवढं तरी कळायचं. २०१९ मध्ये कंपनीने ते मॉडेल बंद केलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी काढले, आणि डोळ्यातल्या यंत्राला ना अपडेट, ना दुरुस्ती. २०२२ मध्ये 'आयईईई स्पेक्ट्रम'ने हे सगळं छापलं. त्यात एक बाई आहे, न्यूयॉर्कच्या सबवेत गाडी बदलताना तिचं यंत्र पीप पीप करून बंद पडलं ते कायमचं. गर्दीच्या स्टेशनात. आपला दादरचा पूल डोळ्यासमोर आणा.

आता घरचं. माझे बाबा एका कंपनीत सत्तावीस वर्षं मशीनवर होते, कान गेले. गेल्या वर्षी माझ्या बोनसमधून त्यांना श्रवणयंत्रं घेतली, दोन्ही कानांची. सोबत फोनवर ॲप. त्यात एक 'गर्दी मोड' होता. लग्नात, बाजारात मागचा कल्ला कमी होऊन समोरच्याचं बोलणं स्पष्ट ऐकू यायचं. बाबा खूश. गेल्या महिन्यात त्या बटणावर कुलूप आलं. वर्षभराची ऑफर संपली, आता महिन्याला पैसे.

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, "यंत्र आपलं आहे ना रे? मग माझ्या कानाचं भाडं कोण घेतंय?"

मी म्हणालो, "बाबा, सर्व्हरचा खर्च असतो त्यांना."

ते म्हणाले, "कान तर इथे आहेत."

त्या कुलपाच्या चित्राखाली लिहिलेलं वाक्य, तुम्हाला सांगतो, जवळजवळ शब्दशः माझं होतं. माझं म्हणजे, त्या कंपनीचा आणि माझा संबंध नाही, पण आम्ही सगळे एकमेकांचे पडदे बघूनच लिहितो. मागच्याच डिसेंबरात मी आमच्या ॲपमध्ये जुन्या लोकांचं एक फुकटचं बटण असंच कुलपाआड टाकलं होतं. रिलीजनंतर टीमने पिझ्झा मागवला. मी तीन तुकडे खाल्ले.

बाबांनी पैसे भरायला साफ नकार दिला. आता मंडईत ते यंत्र काढून खिशात ठेवतात. मी त्यांच्या नकळत माझ्या यूपीआयवर ऑटोपे लावलाय आणि म्हणालो, "बघा, त्यांनी परत फुकट केलं." त्यांनी विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही. यंत्र मात्र अजून खिशातच असतं.

म्हणून मला एपिसोडचा शेवट पूर्ण बघवला नाही. माईक लग्नाच्या वाढदिवसाला भेट म्हणून अमांडाला महागड्या प्लॅनची अर्धा तास शांतता विकत घेऊन देतो. फक्त अर्धा तास! मग ती त्याला जे करायला सांगते, आणि तो जाहिरात सुरू होण्याची वाट का बघतो, ते मी बोलणार नाही. कल्याण आलं होतं, लोक उतरत होते, मी तीन नंबरच्या बाकावर बसून उरलेली मिनिटं तुकड्या-तुकड्यांत बघितली.

उद्या सोमवार. माझ्या नावावर एक काम पडलंय. जुन्या ग्राहकांचं आणखी एक बटण, रिपोर्ट डाउनलोडचं, ३० तारखेपर्यंत कुलपाआड. काल रात्री मी त्याखाली लिहिलं, ज्यांनी हे बघून ॲप विकत घेतलंय त्यांचं तरी काढू नका. मॅनेजरचा अंगठा आलाय. तो होकाराचा आहे की 'वाचलं' एवढाच, हे उद्या अकराच्या मीटिंगमध्ये कळेल.

पुढच्या रविवारी याच सीझनमधल्या 'यूएसएस कॅलिस्टर'च्या दुसऱ्या भागावर बोलू. तुमच्या घरात कोणाचं बटण कुलपात गेलं असेल तर आवाजी मेसेज पाठवा, एक मिनिटाच्या आतला. पंखा लावतो आता. भेटू!