जोडीने सायकलवर

सायकलवरून लांबचा प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एखादा वीस-बावीस वर्षांचा तरुण उभा राहतो. मागे कॅरिअरला वळकटी बांधलेली, पुढे ‘कन्याकुमारी’ अशी पाटी लावलेली, आणि चहाच्या टपरीवर भोवती दहा माणसे जमलेली. नवराबायको दोघेही दोन सायकलींवर गाव सोडून निघाले आहेत, हे चित्र मात्र आपल्या सवयीचे नाही. जळगावहून आम्ही निघालो त्या सकाळी शेजारच्या काकूंनी सौ.ला विचारलेच, “का गं, एस.टी. बंद आहे का आज?”

पण ही गोष्ट काही आजची नाही बरं का. १८९७ सालाच्या अखेरीस विल्यम हंटर वर्कमन आणि फॅनी बुलक वर्कमन नावाचे अमेरिकन जोडपे सायकली घेऊन हिंदुस्थानात आले. तो पेशाने डॉक्टर, पण प्रॅक्टिस सोडलेला, वय ५०. ती ३८ वर्षांची. अल्जीरिया आणि स्पेन हे देश त्यांनी आधीच पालथे घातले होते. दक्षिणेच्या टोकापासून हिमालयापर्यंत दोघे सायकलवर गेले. पुढे १९०४ मध्ये त्यांचे ‘थ्रू टाउन अँड जंगल’ हे पुस्तक निघाले. त्याच्या नावातच त्यांनी प्रवासाचा आकडा घातला आहे, १४,००० मैल! म्हणजे सुमारे २२,५०० किलोमीटर. आणि बाईंचा पोशाख कोणता, तर त्या काळचा पायघोळ झगा.

सामान बघाल तर अगदी बेताचे. चहा, साखर, बिस्किटे, डब्यातले मांस, पाणी, उशी-कांबळे, औषधे, लिहिण्याचे साहित्य आणि दुरुस्तीची हत्यारे. खायला मिळावे म्हणून शक्यतो रेल्वेच्या आसपासचा रस्ता धरायचा. कधी स्टेशनच्या वेटिंगरूममध्येच रात्र काढायची. एखाद्या दिवशी चाळीस-चाळीस पंक्चर काढावी लागत. आपल्याकडच्या बाभळी आणि सराटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा आकडा खोटा वाटणार नाही.

या जोडप्याचे सगळेच घ्यावे असे मी म्हणणार नाही. पुढे हिमालयाच्या मोहिमांत हमालांशी त्यांचे सारखे खटके उडत. ज्या माणसांच्या पाठीवर आपले ओझे आहे, त्यांचे दुःख समजून घेण्याची त्यांची तयारी कमीच होती. पण त्यांची एक पद्धत मला फार आवडली. त्या मोहिमांत एका वर्षी आखणी आणि व्यवस्था बाईंनी पाहायची, तर शास्त्रीय मोजमाप डॉक्टरांनी. पुढच्या वर्षी कामांची अदलाबदल. सव्वाशे वर्षांपूर्वी, हो!

आता आपल्या खानदेशात या. जळगाव ते धुळे हे अंतर नव्वद किलोमीटरच्या थोडे वर. जळगाव सोडले की बांभोरीला गिरणा, एरंडोलला अंजनी, पारोळ्याला बोरी आणि धुळ्याला पांझरा. या सगळ्या तापीकडे उत्तरेला धावतात आणि आपण त्यांना आडवे जातो. त्यामुळे नदी आली की उतार, नदी सोडली की चढ. मोटारीत बसणाऱ्याला हे कळतसुद्धा नाही. सायकलवाल्याच्या मांड्यांना बरोबर कळते. निघायचे ते मार्गशीर्ष-पौषात. वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा सायकल घरातच बरी. आषाढात पश्चिमेचा वारा धुळ्याकडे जाणाऱ्याच्या छातीवर असतो, म्हणून तेव्हाही नको.

तुम्ही दोघे निघणार असाल तर एक सांगतो. अंतराची काळजी करू नका. रोज थोडे थोडे वाढवत नेले तर महिन्या-दीड महिन्यात पन्नास किलोमीटर जमू लागतात. खरी अडचण असते ती दोघांच्या चालीची. एकाला घाई, दुसऱ्याला धाप. पुढचा माणूस फाट्यावर थांबतो, आणि मागचा पोचला की लगेच पायडल मारतो. म्हणजे जो आधीच दमलेला, त्यालाच विश्रांती नाही! असे दोन दिवस चालले की प्रवास संपतो आणि भांडण सुरू होते. पुष्कळ जोडपी एकदाच निघतात, पुन्हा निघत नाहीत, त्याचे कारण हे असावे असे मला वाटते.

म्हणून आम्ही घरीच दोन गोष्टी ठरवल्या. सौ. पुढे, मी मागे. आणि ‘आता पुरे’ असे जो आधी म्हणेल, त्याचे ऐकायचे. कारण विचारायचे नाही.

त्याची परीक्षा पहिल्याच दिवशी झाली. एरंडोलला शेवभाजी आणि भाकरी खाऊन निघालो. रस्ता आता रुंद झाला आहे, पण ट्रक अंगावरून गेला की हँडल हलतेच. दुपारी पारोळ्याला पोचलो आणि सौ. म्हणाली, “आता पुरे.” धुळे अजून पस्तीस किलोमीटर. माझ्या पायांत जोर होता, ऊनही कलले होते आणि धुळ्याच्या मेहुण्यांकडे स्वयंपाक झालेला. पण ठरले ते ठरले. फोन करून कळवले. मेहुणे म्हणाले, “ताईला बसमध्ये बसवून द्या की!” सौ.ने फोन घेतला आणि म्हणाली, “मी सायकलवर येणार आहे, दादा. उद्या.”

संध्याकाळी पारोळ्याचा भुईकोट किल्ला पाहिला. वर्षानुवर्षे एस.टी.च्या खिडकीतून पारोळा नुसते ओलांडलेले. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, “कथा चालनात भाऊ?” धुळ्याला म्हटल्यावर त्यांनी सौ.च्या सायकलचे मागचे चाक दाबून पाहिले आणि हवा कमी आहे म्हणाले. खरेच होते. सराटा रुतला होता. सकाळी निघण्याआधी ठिगळ लावले आणि दहाच्या आत पांझरेचे दर्शन झाले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ साली याच धुळ्यात देह ठेवला. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात आम्ही अर्धा दिवस काढला. तेही घाई नसल्यामुळेच.

बरोबर काय घ्यावे? दोन ट्यूब, ठिगळाचे सामान, पंप, पाने, माणशी दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे. केळी घेऊन जाऊ नका, पिशवीत त्यांचा लगदा होतो. वाटेत घ्या. साडी असो की पंजाबी, साखळीला झाकण हवेच.

येत्या हिवाळ्यात धुळ्याहून आग्रा रोडने महेश्वरला, अहिल्याबाईंच्या घाटावर जायचे आहे. तापीचा पूल, शिरपूर, पळासनेर आणि मग सेंधव्याकडचा घाट. तो आम्ही सायकली हातात धरून चढणार. या खेपेची आखणी सौ.ची. तिने पहिला मुक्काम सोनगीरला धरला आहे. धुळ्यापासून वीसेक किलोमीटर! मी म्हटले, “एवढ्यात मुक्काम?” ती म्हणाली, “तिथली तांब्यापितळेची भांडी पाहायची आहेत.” आता कॅरिअरवर हंडा कसा बांधायचा, एवढेच ठरायचे राहिले आहे.