वाहन, व्यसन आणि कुटुंबधर्म
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी विद्येविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची अपेक्षा होती. परंतु विद्या संपादन करण्यास मूल आधी सुखरूप घरी परतले पाहिजे. यास्तव आज मी वाहनाविषयी बोलण्याची आपली अनुज्ञा घेतो.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते आणि १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. या दुसऱ्या संख्येत जवळजवळ निम्मे चालक नव्हेत, बरोबर बसलेले प्रवासी होते. 'गाडी मी थोडीच चालवतो आहे?' असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. ती एकाएकी आदळून थांबली, तरी आतील माणसाचे शरीर त्याच वेगाने पुढे फेकले जाते. हा आघात सुमारे १४ मीटरांवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून, खाली पडण्याइतका असतो. मांडीवरचे मूल त्या क्षणी कोणत्याही मातेच्या हातांना धरवत नाही. माया कितीही असो, तिथे पट्टाच हवा. खांद्यावरून व कमरेवरून जाणारा आजचा पट्टा नील्स बोलीन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ साली सिद्ध केला. आपल्या कायद्यानेही चौदा वर्षांखालील मुलांना पट्ट्याने अथवा मुलांच्या खास आसनात सुरक्षित बसविणे बंधनकारक केले आहे.

मागे बसणाऱ्यास पट्टा नको, हाही एक भ्रमच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते व त्यांचे एक सहप्रवासी मागील आसनांवर होते आणि दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघे गेले. पुढील दोघे गंभीर जखमी झाले, परंतु वाचले. गाडी मौल्यवान होती. तथापि न लावलेला पट्टा कोणत्याही गाडीत निरुपयोगीच.

आता याहून अवघड गोष्ट बोलतो. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असलेल्या मोटारीच्या धडकेने एक तरुण व एक तरुणी, दोघेही अभियंते, ठार झाले. मुलाने मद्यप्राशन केले होते, असा पोलिसांचा आरोप आहे. त्याचा निर्णय न्यायालय करील. परंतु सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी येते कशी, याचे उत्तर न्यायालयात नव्हे, घरातच शोधावे लागते.

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. असे असता हळदीच्या रात्री मंडपामागे कोवळ्या मुलाच्या हाती पेला कोण देतो? बाहेरचा कोणी नव्हे. मामा, काका, थोरला चुलतभाऊ! आणि मग बर्फ संपला म्हणून त्यालाच दुचाकीवरून पिटाळतो कोण? तेही आपणच. मद्याने प्रथम हात कापत नाहीत. प्रथम विवेक सुटतो, वेगाचा व अंतराचा अंदाज चुकतो, आणि मुलाला मात्र आपण अधिक चांगले चालवीत आहोत असे वाटते.

काही पालक म्हणतात, 'मुलगा धीट होऊ दे, व्यवहार शिकू दे.' धीट जरूर व्हावा. पण पोहायला शिकविताना आपण मुलाला पुराच्या पाण्यात लोटत नाही. शिवाय २०१९ च्या सुधारणेनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून अपराध केल्यास पालक अथवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि मुलास पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. पण दंडाहून भयंकर ते दुसऱ्याच्या घरचे दुःख, जे कोणत्याही रकमेने फिटत नाही.

म्हणून या सभेपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. ज्ञातीच्या कोणत्याही कार्यात अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती किल्ली देऊ नये. लग्नकार्यात मुलांच्या हाती मद्य देणाऱ्यास, तो कितीही मानाचा पाहुणा असो, घरच्या वडीलधाऱ्यांनी तिथल्या तिथे अडवावे. आणि दहावी उत्तीर्ण झाल्याचे पारितोषिक म्हणून दुचाकी देण्याची प्रथा बंद करावी. त्याऐवजी पुस्तके द्यावीत, सायकल द्यावी.

भगिनींना एवढेच सांगतो की, सर्वांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी हलू न देण्याचा अधिकार आपण आपल्याकडे घ्यावा. घरात आपला शब्द चालतो. तो गाडीतही चालावा.

आज सत्कार झालेली ही सर्व मुले पुढील संमेलनास याच सभागृहात हसतमुखाने दिसोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.